मरगदम अम्मांची श्रुती

तंबोरा धरणाऱ्या बाईचं नाव कार्यक्रमाच्या पत्रिकेत छापत नाहीत. गाणाऱ्याचं छापतात, व्हायोलिनवाल्याचं, मृदंगवाल्याचं छापतात, घटम असेल तर त्याचंही. अलीकडे मंडपवाल्याचं आणि लाउडस्पीकरवाल्याचंही छापायला लागले आहेत. ही तक्रार नाही. वीस वर्षं तंजावूरात आणि आसपासच्या गावांत मी गाणाऱ्यांच्या मागे बसले, आणि माझं नाव कुठल्याही कागदावर नाही, एवढंच सांगते. दिवाळी अंकासाठी कामाच्या आठवणी लिहून द्या, असं पत्र आलं तेव्हा मी लगेच हो म्हटलं. एक गोष्ट लिहून टाकायची होती. तमिळमध्ये लिहिली असती तर आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाने वाचली असती. तंजावूरच्या आम्हा मराठी घरांत देवनागरी वाचणारे थोडे उरलेत. माझी मुलंसुद्धा मराठी ऐकून समजतात आणि उत्तर तमिळमध्ये देतात.

आधी काम काय ते सांगते. तुमच्याकडच्या तंबोऱ्याला भोपळा असतो. आमच्याकडचा फणसाच्या लाकडाचा, खालचं भांडं कोरून काढलेलं. तारा चारच. पहिली पंचमाची, मधल्या दोन षड्जाच्या, शेवटची जाड पितळेची, खर्जाची. त्या चार तारा एकामागून एक छेडायच्या, गाणं सुरू होण्याआधीपासून संपेपर्यंत, तीन तास, कधी चार. बस्स. ऐकणाऱ्याला वाटतं, हे कोणीही करील. पापनाशमच्या एका लग्नात यजमानांनी भोजनाच्या वेळी अगत्याने विचारलं होतं, "बाई, तुम्ही मघापासून नुसती सुरुवातच करताय. तुमचं गाणं कधी?" मी म्हटलं, सुरुवात संपली की.

पण त्यात एक अवघड गोष्ट आहे. समोर मृदंग रंगात आलेला असतो, सगळी सभा मांडीवर ताल धरत असते, आणि तुमची बोटं त्या तालात पडता कामा नयेत. नवशिकी मुलगी पाच मिनिटांत तालाबरोबर वाहत जाते. मग गाणाऱ्याला मागे जमीन आहे असं न वाटता कोणीतरी ढकलतंय असं वाटू लागतं. तंबोऱ्याने मान डोलवायची नाही, खूश व्हायचं नाही, घाबरायचं नाही. हे मला जमत असे. माझा स्वभावच तसा आहे. सासूबाई म्हणत, "हिचा स्वयंपाक करपला तरी तोंड तेच, सण असला तरी तोंड तेच."

दुसरी गोष्ट श्रुतीची, म्हणजे षड्ज कुठे धरायचा त्याची. तुम्ही काळी चार, पांढरी पाच म्हणता. आम्ही कट्टै म्हणतो. पेटीची पांढरी पाच ती आमची पाच कट्टै. गाणारा आपली श्रुती सांगतो, तंबोरा त्यावर लागतो, आणि व्हायोलिन-मृदंग तंबोऱ्यावर लागतात. म्हणजे त्या संध्याकाळी षड्ज कुठे आहे हे खरं तर मागे बसलेली बाई ठरवते. आमच्याकडे हवा दमट. मंडपात माणसं भरली, दिवे तापले की तारा उतरतात. मग खुंट्या पिळत बसायचं नाही. तारांखालचे मणी केसभर सरकवायचे, तेही गाणं चालू असताना, कोणाला न कळता. हाताची ही चलाखी मला लहानपणापासून येते. वडील कीर्तनकार होते, आणि सातव्या वर्षापासून मी त्यांच्या मागे बसत होते.

गाणाऱ्या मरगदम अम्मांनी मला तंबोऱ्याला बोलावलं तेव्हा वडील जाऊन वर्ष झालं होतं. त्यांचं नाव मी बदललं आहे. त्या पन्नाशीच्या होत्या, मी पंचविशीची. त्यांच्या घराण्यात बायका पिढ्यान्‌पिढ्या गात आणि नाचत आल्या होत्या, आधी राजवाड्यात, मग देवळात, मग लग्नांत. नाच बंद झाला, गाणं राहिलं. आमच्या घरी त्यावरून दोन दिवस बोलणी झाली. आमच्या घरच्या सुनेने त्या घरच्या बाईच्या मागे बसायचं का, हा प्रश्न. माझे यजमान शाळेत गणित शिकवत. ते म्हणाले की बसायला हरकत काय, तंबोऱ्याला जात नसते. सासूबाईंचं म्हणणं निराळंच निघालं. "काय गे तुळजा, बसायचंच तर पुढे बस. मागे बसून काय मिळवतेस?"

अम्मांकडे एक ठेवा होता. मराठी राजांच्या वेळची चार मराठी पदं, आईकडून आईकडे आलेली. दुसऱ्या कोणाला येत नव्हती. गंमत अशी की अम्मांना मराठीचा एक शब्द कळत नसे. शब्द जसे आले तसे त्या ठेवत होत्या, आजीची भांडी ठेवावीत तसे. एकदा मी अर्थ सांगू लागले तर त्यांनी थांबवलं. अर्थ कळला तर तिथे भाव आणावासा वाटेल, म्हणाल्या. आईने भाव सुरात ठेवलाय, तो तिथेच असू दे.

त्या पाच कट्टैवर गात. आवाज बारीक नव्हता, रुंद होता, आणि वरच्या षड्जावर जाऊन उभा राहिला की हलत नसे. पाच कट्टै हा त्यांचा अभिमान होता. आई पाचवर गायली, आजी पाचवर गायली, असं त्या सांगत. मी रोज पहाटे त्यांच्याकडे जाई, तंबोरा लावी, त्या साधना करीत, मग कॉफी होई. तंबोरा त्यांच्याच घरी असे. त्या स्वतः त्याला हात लावत नसत. लावायचं काम माझं होतं, आणि माझ्या कानावर त्यांचा जेवढा विश्वास होता तेवढा स्वतःच्याही नसावा.

बरीच वर्षं अशी गेली. कार्यक्रमाला बसने जायचं, तंबोरा मांडीवर. एका कंडक्टरने तो टपावर टाकायला सांगितला. मी म्हटलं, तो वर गेला तर मीही वर बसेन, मग माझं तिकीट खालचं की वरचं ते ठरवा. तंबोरा आत राहिला. अम्मा पुढच्या सीटवर बसून सगळं ऐकत होत्या, पण वळून पाहिलं नाही. उतरल्यावर म्हणाल्या, "बाई, तू भांडताना श्रुती सोडत नाहीस."

अम्मा साठीला आल्या तेव्हा ओरत्तनाडूला एका लग्नात गाणं होतं. तिसऱ्या पदात त्या वरच्या षड्जाला गेल्या आणि आवाज दारातच अडकला. लोकांना कळलं नाही. त्यांनी खाकरल्यासारखं केलं आणि खाली उतरल्या. पण मांडीवरचा त्यांचा हात मला दिसत होता. त्यातला ताल थांबला होता. 

पुढच्या कार्यक्रमाच्या दिवशी मी तंबोरा लावला आणि केसभर उतरता ठेवला. विचार करून केलं असं म्हणणार नाही, पण हाताने आपोआप केलं असंही नाही. अम्मा त्या दिवशी छान गायल्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "घसा मोकळा झाला बघ. ती सर्दी होती." मला बरं वाटलं. एखाद्या म्हाताऱ्या माणसाच्या पायाखालची पायरी थोडी ठेंगणी करावी, तसं काहीतरी चांगलं केलं असं वाटलं.

महिन्या-दोन महिन्यांनी आणखी केसभर. मग आणखी. त्या साधना करीत तीही याच तंबोऱ्यावर, त्यामुळे त्यांच्या कानाला दुसरं मापच नव्हतं. माझ्याकडे सूर तपासायची एक छोटी पिपाणी होती. ती मी त्यांच्यासमोर फुंकायची बंद केली. दोन वर्षांत पाचाची चार झाली. पूर्ण चार.

व्हायोलिनवाले दर वेळी नवे असत, पण हे आणखी एका माणसाला माहीत होतं. मृदंगवाले कण्णय्या. उंच श्रुतीचं मृदंग वेगळं, उतरत्या श्रुतीचं मोठं, वेगळं. त्यांना ते बदलावं लागलं. जुन्याचं कातडं गेलं, असं त्यांनी अम्मांना सांगितलं. एकदा स्टेशनवर गाडीची वाट पाहताना ते माझ्याजवळ आले.

"बाई, किती दिवस?"

मी म्हटलं की तुम्हीच सांगा त्यांना, तुम्ही मोठे आहात, वीस वर्षांची ओळख आहे.

"मी ताल सांगणारा माणूस," ते म्हणाले. "श्रुती तुमची."

मी गाडी आली का ते पाहायला गेले. आली नव्हती.

अम्मांना ती पदं ध्वनिमुद्रित व्हायला हवी होती. त्यांना मुलगी नव्हती. दोन भाच्या होत्या, त्या नर्सिंगला गेल्या. एकोणीसशे साठ साल उलटून गेल्यावर मद्रासच्या एका कंपनीचं पत्र आलं, की आम्ही यंत्र घेऊन तंजावूरला येतो, चारही पदं घेतो. उत्तर अम्मांनी सांगितलं आणि मी लिहिलं. साथीला कोण, किती वेळ लागेल, श्रुती किती. "पाच कट्टै लिही," अम्मा म्हणाल्या. त्यांच्या चेहऱ्यावर मी एवढा आनंद कधी पाहिला नव्हता. मी पाच लिहिलं. लेखणी थांबली होती का, असं कोणी विचारलं तर सांगते, थांबली नव्हती. मला वाटलं, कागदावरच्या पाचने काय होतं, तिथे तंबोरा मीच लावणार आहे.

एका मिरासदारांच्या, म्हणजे मोठ्या जमीनदारांच्या, घरचा हॉल मिळाला होता. सकाळची वेळ, कारण सकाळी वीज बरी असते. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, पंखे बंद केले, परसातल्या कावळ्यांना हाकलायला एक माणूस उभा केला. रेकॉर्डिंगवाले गृहस्थ सभ्य होते, अम्मांच्या पाया पडले. आणि त्यांच्याबरोबर एक बासरीवाला होता. पत्रात त्याचा उल्लेख नव्हता. व्हायोलिनऐवजी बासरी पदांना शोभेल असं कंपनीला वाटलं होतं.

बासरीला खुंट्या नसतात. ती जिथे कापली तिथेच वाजते.

मी तंबोरा छेडत होते. बासरीवाल्याने एक फुंकर मारली, थांबला, परत मारली. मग बासरीकडे पाहिलं आणि माझ्याकडे पाहिलं. तो भला माणूस होता, त्याला वाटलं माझी चूक झालीय. "बाई, तंबोरा चारवर लागलाय. मी पाचची बासरी आणलीय. पत्रात पाच होतं."

अम्मा हसल्या. म्हणाल्या की हा तंबोरा गेली कितीतरी वर्षं असाच लागतोय, रोज, आणि मी रोज पाचवर गाते. मग त्यांचं लक्ष कण्णय्यांकडे गेलं. कण्णय्या त्यांच्या मोठ्या मृदंगाच्या वाद्या तपासत होते. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं. अम्मांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्या तंबोऱ्यामागे कितीतरी वर्षं चेहरा न बदलता बसले होते. त्या दिवशी मला ते जमलं नाही.

 त्या शांतपणे म्हणाल्या, "पाचवर लाव."

मी लावला. घरी असते तसे माझे हात चालत होते, पण तारा जसजशा चढत गेल्या तसतसं मला कळत होतं मी काय करतेय. अम्मांनी पहिलं पद सुरू केलं. खालचा भाग ठीक गेला. वर जायची वेळ आली आणि आवाज फाटला. यंत्र थांबवलं. कोमट पाणी झालं. दुसऱ्या वेळी त्या वरच्या षड्जापर्यंत पोचल्याच नाहीत. तिसऱ्या वेळी त्यांनी स्वतःच हात वर केला.

मी म्हटलं, "अम्मा, बासरी राहू दे. चारवर लावते. चारवर तुम्ही फार सुंदर गाता. हल्ली रोज गाताय." रेकॉर्डिंगवाल्यांनीही मान हलवली. त्यांना खरोखरच चालणार होतं. कण्णय्या म्हणाले, "अम्मा, ऐका बाईचं."

अम्मा म्हणाल्या, "चारवर गाणारी बाई कोण ते मला माहीत नाही. माझी तिच्याशी ओळख कोणी करून दिली नाही."

त्या उठल्या. पुन्हा येऊ असं सांगून कंपनीची माणसं दुपारच्या गाडीने गेली. ती परत आली नाहीत. त्यात त्यांचा दोष नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी नेहमीसारखी त्यांच्या घरी गेले. दार उघडं होतं. तंबोरा गवसणीत घालून ओसरीवर ठेवला होता. अम्मा आत कॉफी पीत होत्या, मला दिली नाही. मी बोलायला सुरुवात केली, तुमचं मन मोडू नये म्हणून केलं, चुकलं माझं, वगैरे. त्यांनी ऐकून घेतलं.

"लोक वाहवा म्हणणार," त्या म्हणाल्या. "भाच्या गोड बोलणार. कण्णय्या तालाचा माणूस. माझा आवाज उतरला हे सांगायला घरात एकच गोष्ट होती, ती त्या खोळीत आहे. तिलाही तू खोटं बोलायला शिकवलंस."

मी घरी आले. यजमानांना सांगितलं. त्यांनी विचारलं की माफी मागितलीस का. मी म्हटलं, मागितली. गणिताच्या माणसासारखे ते म्हणाले, "उत्तर चुकलं असलं तर माफी मागून ते बरोबर होत नाही. पुन्हा सोडवायला मिळालं तर बघ."

अम्मांनी त्यानंतर बाहेर गायचं सोडलं. मी इतरांच्या मागे बसत राहिले. आता मी गाणाऱ्याला मंचावर जाण्याआधी, खोलीत असतानाच सांगते, आज आवाज इतक्यावर बसतोय. काहींना ते आवडलं, बऱ्याच जणांना नाही. नेहमीची श्रुती लाव, असं म्हणणाऱ्या एका नावाजलेल्या गायकांना मी सांगितलं की नेहमीची आज पेलणार नाही. त्यांनी त्या दिवशी ऐकलं, चांगले गायले, आणि पुन्हा मला बोलावलं नाही. माझी कामं निम्मी झाली.

दीड वर्षाने अम्मांची भाची आमच्या दारात आली. त्यांचा तंबोरा पडून होता, तारा गंजल्या होत्या. बाईला ये म्हणावं, आणि पिपाणी आण म्हणावं, असा निरोप होता.

अम्मा बऱ्याच खंगल्या होत्या. भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी नव्या तारा चढवल्या. त्या म्हणाल्या, "मी आता एक आलाप घेते. कितीवर बसतो ते सांग." आणि त्या गायल्या, तंबोऱ्याशिवाय, हळू. मी पिपाणी फुंकली. मग परत फुंकली, कारण पहिल्यांदा जे ऐकलं ते मला नको होतं.

"तीन, अम्मा."

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. समोरच्या घरची बाई दारात तांदळाच्या पिठाचं कोलम काढत होती.

"वेळेवर सांगितलं असतंस तर चारवर झालं असतं ते काम," त्या म्हणाल्या. रागाने नाही. हिशोब मांडल्यासारखं.

"हो," मी म्हटलं.

"लाव तीनवर."

त्या महिन्यात त्यांनी मला दोन पदं शिकवली. मी गाणारी नाही, माझ्या आवाजाला कडा आहेत, पण सूर पक्का आहे आणि शब्द माझ्या भाषेतले आहेत. मी ते देवनागरीत लिहून घेतले. या वेळी त्यांनी अर्थ विचारला, मी सांगितला. एका ओळीवर त्या थांबल्या, ती ओळ परत गायल्या आणि म्हणाल्या की आईने इथे का थांबायला सांगितलं ते आज कळलं. तिसरं पद सुरू केलं त्या आठवड्यात ताप आला. तो उतरला नाही. तिसऱ्याचा मुखडा तेवढा माझ्याकडे आहे. चौथं नाही.

आता शनिवारी सकाळी दोन मुली माझ्याकडे येतात, एक आमच्यातली, एक तमिळ. त्यांना मी ती दोन पदं शिकवते. धाकटीने परवा विचारलं की अम्मा ही पदं कशा गात असत. मी तिला सांगितलं, मला शिकवली तेव्हा तीनवर गायल्या, त्याआधी दोन वर्षं चारपर्यंत उतरत गेल्या होत्या, आणि त्यांना वाटत होतं पाच. तिने विचारलं, त्यांना कोणी सांगितलं नाही का. मी म्हटलं, सांगायला एक बाई ठेवलेली होती, ती मी.

मग तिला तंबोरा लावायला बसवलं. तिने कानाने लावला आणि झाला म्हणाली. मी पिपाणी तिच्यापुढे ठेवली आणि तपासून बघ म्हटलं.